रिंग गिअरचं पेटंट 'ऑब्व्हियस' (उघड, कुणालाही सुचेल असं) म्हणून नाकारलं गेलं. अपिलात जावं का?

खटका_चाकण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा स्वतःचं रडगाणं घेऊन आलोय. लांबलंय, आधीच माफी मागतो.

मी चाकणजवळ एका छोट्या कारखान्यात गिअरबॉक्स डिझाइन करतो. छोटा म्हणजे खरंच छोटा: दोन सीएनसी, एक जुनं हॉबिंग मशीन, एक वायरकट आणि चहावाला पोरगा धरून एकोणीस माणसं. बॅटरीवरच्या ड्रिलचे सुटे गिअर आम्ही इतरांना करून देतो. एक दिवस मालक म्हणाले, "दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर किती दिवस घासायचं?" त्यातून हे प्रकरण सुरू झालं.

ज्यांनी ड्रिल कधी उघडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटर मिनिटाला २०,००० फेऱ्यांनी फिरते आणि चकला (बिट धरणाऱ्या पुढच्या जबड्याला) हव्या असतात चारशे ते दीड हजार. मधे प्लॅनेटरी गिअरचे तीन टप्पे असतात. मधोमध सन, त्याभोवती तीन प्लॅनेट, बाहेरून रिंग, आणि प्लॅनेटना धरून ठेवणारा कॅरिअर. रिंग घराला (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाला) अडकवली की गती कमी होते. तीच रिंग आधीच्या टप्प्याच्या कॅरिअरला जोडली की सगळा टप्पा एकजीव होऊन फिरतो, कपात शून्य. आमच्या मधल्या टप्प्यात सन १८ दातांचा, प्लॅनेट १५ चे, रिंग ४८ ची. १ + ४८/१८, म्हणजे ३.६७ पट. रिंग मागे असली की चक १५०० ला, पुढे सरकली की साधारण ४१० ला.

ड्रिलच्या डोक्यावर १ आणि २ लिहिलेलं सरकतं बटण असतं, ते या रिंगलाच ढकलतं. सुतार २ वर स्क्रू मारायला घेतो, निम्म्यात अडकला की बटण १ वर आणतो. थांबून आणावं असं पुस्तिकेत छापलेलं असतं. कोण थांबतंय? मग दात झडतात.

म्हणून आम्हाला हवं होतं की भार वाढला की रिंग आपली आपण पुढे सरकावी. रिंगला कॅरिअरशी जोडणारे दात आम्ही सरळ न ठेवता तिरके केले. भार वाढला की ते तिरके दात रिंगला बाहेर ढकलतात, उलट बाजूनं स्प्रिंग तिला दाबून धरते. स्प्रिंग हरली की रिंग निसटते आणि समोरच्या घराच्या लगमध्ये (घरातून पुढे आलेल्या ठोकळ्यांमध्ये) बसते. इथपर्यंत नवीन काही नाही, हे मलाही ठाऊक आहे. घोळ पुढे आहे. रिंग लगमध्ये बसली की तिरक्या दातांचा रेटा संपतो, स्प्रिंग तिला परत नेते, परत भार, परत बाहेर. हातात धरलं तर नुसतं टटटटट. पाच मिनिटांत स्प्रिंगचा निकाल.

आम्ही काय केलं, तर घराचे लग अंडरकट केले. टोक रुंद, मूळ अरुंद, ३ अंशांचा फरक. उलटी पाचरच म्हणा. भार आहे तोवर रिंग त्यात ओढलेली राहते. ट्रिगर सोडला, भार गेला, की स्प्रिंग तिला मूळ जागी आणते. वेगळा खटका नाही, तार नाही, एकही जादा भाग नाही.

अर्ज केला, एफईआर (पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल) आला, उत्तर दिलं, हिअरिंग झालं, लेखी म्हणणं दिलं, आणि पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली अर्ज नाकारला गेला. आमच्याविरुद्ध दोन जुने दस्तऐवज दाखवले. डी१ हा पंचवीस वर्षं जुना: तिरके दात, सरकणारी रिंग, आणि तिला पुढे धरून ठेवायला ट्रिगरला तारेनं बांधलेला वेगळा खटका, सात सुटे भाग. डी२ त्याहूनही जुना: मोटरसायकलचा गिअरबॉक्स, अंडरकट डॉगसह (डॉग म्हणजे दोन गिअर एकमेकांत अडकवणारे दात). आदेश म्हणतो, डी१ मधला खटका काढून डी२ मधला अंडरकट घालणं या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाला उघडच सुचलं असतं. मुद्द्याचं वाक्य एवढं एकच.

मला राग नाही आलेला, खरं सांगतो. घरी येऊन डी१ आणि डी२ शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मलाही पाच मिनिटं वाटलं की अरे हो, खरंच की. मग वाटलं, इतकं उघड होतं तर माझी दोन वर्षं कुठे गेली?

आदेशाला ४७ दिवस झालेत. मालक म्हणतात, वकिलाच्या फीमध्ये नवीन कंप्रेसर येईल. प्रश्न सरळ आहे: अपिलात जाण्यात अर्थ आहे का? आणि मोटरसायकलचा गिअरबॉक्स हे 'आमचं क्षेत्र' कसं काय?

निवांत_पाटील

इतकं सगळं जाहीर का लिहिताय राव? उद्या कुणी ढापलं म्हणजे?

खटका_चाकण

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतोच, तो कधीच झालाय. आकृत्यांसकट कुणीही वाचू शकतं. ढापण्यासारखं असतं तर आत्तापर्यंत ढापलं असतं, हे दुःख वेगळंच.

पाना_१०_११

मी कोल्हापूरचा. आधी बारा वर्षं मोटरसायकलचं गॅरेज, आता एकवीस वर्षं पॉवर टूल रिपेरी. म्हणजे तुमचे डी१ आणि डी२ दोन्ही माझ्याच टेबलावर मरायला येतात.

पहिलं कडू सांगतो. अंडरकटात काय बी नवल नाही. गाडी चढावर गिअर सोडाय लागली, तिसरा टाकला की धाडदिशी न्यूट्रल, की आम्ही इंजिन फोडून आधी डॉगचे कोपरे बघतो. गोल झाले असतील तर गिअर बदली, नाहीतर ग्राइंडरवर परत कड काढायची. हे शिकायला पोरगं गॅरेजात वर्षभर पुरतं. तेव्हा 'अंडरकट आम्ही शोधला' असं लिहिलं असाल तर नाकारणाऱ्याचं बरोबर आहे.

पण मला एक कोडं पडलंय. गाडीत दोन्ही गिअर फिरत असतात, क्लच दाबलेला असतो, आणि पायानं रेटा देणारा माणूस असतो. तुमची रिंग फिरतीय चार-पाच हजारानं आणि लग तर घराचे, ठार उभे. त्यात तुम्ही लगची टोकं रुंद केली, म्हणजे आत शिरायचं तोंड आणखी बारीक झालं. अशी रिंग आत जाते कशी? हे ड्रॉइंग माझ्यापुढं ठेवून विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, बाबा, दात उडतील आणि घरबी फुटेल, सरळ लग ठेव आणि धरायला खटका लाव. म्हणजे तुमच्या त्या डी१ नं केलंय तेच.

आणि एक. स्क्रू लाकडात घट्ट अडकून ट्रिगर सोडला, तर गिअरबॉक्समध्ये पीळ राहतो. भार शून्य होत नाही. मग तुमची रिंग पुढंच अडकून बसत असणार. खरं का नाही?

खटका_चाकण

काका, दोन्ही गोष्टी नेमक्या पकडल्या. पीळ राहतो, दहातल्या एखाद्या वेळी चकला हातानं थोडा उलटा हिसका द्यावा लागतो. ते स्पेसिफिकेशनमध्येही (अर्जातल्या सविस्तर वर्णनात) कबूल केलंय.

दात उडण्याचं म्हणाल तर पहिल्या तीन नमुन्यांत उडालेच. एक तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, करंगळीच्या नखाएवढा, मोडलेली बाजू करड्या साखरेसारखी. तेव्हा आम्हीही म्हटलं की अंडरकट जमणार नाही, खटकाच लावू.

मग टूलरूममधल्या एका फिटरनं रिंगवर पांढऱ्या पेंटचा ठिपका दिला, घराला ग्राइंडरनं खिडकी कापली आणि मोबाइल स्लो मोशनवर लावला, सेकंदाला २४० फ्रेम. आम्ही एकेक फ्रेम पुढे सरकवत बघत होतो. रिंग कॅरिअरबरोबर फिरतेय तेव्हा ठिपका नाही, नुसता पांढरा पट्टा. निसटली की पट्टा आखूड व्हायला लागतो. आणखी आखूड. मग एका फ्रेममध्ये ठिपका स्वच्छ दिसला, कडेचा ब्रशचा ओरखडासुद्धा. आणि पुढच्या फ्रेममध्ये परत फराटा, पण उलट दिशेला.

कारण असं, की रिंग कॅरिअरला जोडलेली असो वा घराला, प्लॅनेट तिला मागेच ढकलत असतात. कॅरिअरनं सोडलं की ती मंदावते, क्षणभर थांबते आणि उलटी फिरू लागते. म्हणजे उभ्या लगच्या मानानं रिंगचा वेग आपोआप शून्यातून जातो. क्लच नाही, पाय नाही. त्या शून्याच्या क्षणी आत पडली तर धक्का जवळपास नाहीच. चौथ्या नमुन्यात आम्ही लगच्या टोकाची एकच कड उतरवली, म्हणजे पुढे फिरत असताना रिंग वरून घसरत राहते. खाच लगपेक्षा ८ अंशांनी रुंद केली. उलटी वळली रे वळली की आत, आणि आत गेली की अंडरकट तिला ओढून घेतो. त्यानंतर दात उडाले नाहीत.

क्लेम_क्रमांक_१

मी पुण्यात पेटंट एजंट आहे. हा व्यावसायिक सल्ला नाही, धाग्यावरच्या गप्पा समजा. तुमची फाइल मी पाहिलेली नाही.

आधी मुदत. कलम ११७अ खाली अपिलाला आदेशाच्या तारखेपासून तीन महिने मिळतात. पूर्वी हे अपील आयपीएबीकडे (बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे) जायचं, २०२१ मध्ये ते मंडळ गेलं, आता थेट हायकोर्ट. अर्ज मुंबईच्या हद्दीतला असेल तर मुंबई हायकोर्ट. कंट्रोलरकडेच (अर्ज नाकारणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याकडेच) फेरविचार मागायचा असता तर मुदत एक महिन्याची होती, ती तुमची हुकली. तेव्हा तुमच्याकडे साधारण दीड महिना आहे आणि त्यातले पंधरा दिवस कागद गोळा करण्यात जातात.

आता मोटरसायकल. कायद्यातला 'जाणता माणूस' म्हणजे फक्त ड्रिल करणारा नव्हे. गती बदलताना दात सुटू नयेत ही अडचण ज्या कुणाला येते, त्याच्या दारात तो डोकावणारच. पानाकाका तर दोन्ही दुकानं चालवतात. हा मुद्दा अपिलात पहिला ठेवू नका, न्यायाधीश गिअर टाकतच कोर्टात येतात.

आपल्याकडे या विषयात सगळे ज्या निकालापाशी येतात तो लेथचा आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सुप्रीम कोर्ट, १९७८. मिर्झापूरची भांडी. लेथवर भांडं एकाच बाजूनं धरून खरडायचे, ते निसटून उडायचं आणि कामगाराला लागायचं. वादीनं दुसऱ्या बाजूनं टोकदार टेलस्टॉकचा आधार दिला आणि १९५१ च्या तारखेचं पेटंट मिळवलं. अलाहाबादला एका न्यायाधीशांनी ते रद्द केलं, खंडपीठानं पुन्हा उभं केलं, सुप्रीम कोर्टानं परत पाडलं. टेलस्टॉकनं दुसरं टोक धरणं ही लेथवाल्याची रोजची गोष्ट, ही निव्वळ कारखान्यातली सुधारणा, शोध नव्हे. कामगाराच्या जिवावरचा धोका टळला हे खरं असूनही. तुमचं 'एकही जादा भाग नाही' हे म्हणणं याच खडकावर आपटू शकतं. उपयोगी असणं आणि शोध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण त्याच निकालात कसोटीही सांगितली आहे. जुना दस्तऐवज एका कुशल कारागिराच्या हातात द्या. अडचण त्याच्यापुढे ठेवा, तुमचं उत्तर मात्र दाखवू नका. तो म्हणेल का, की मला हवं ते यात मिळालं? आता वर पानाकाकांनी काय लिहिलंय ते परत वाचा. कारागीर कुशल आहे, दोन्ही क्षेत्रं जाणतो, आणि म्हणतो, 'दात उडतील, खटका लाव.' म्हणजे डी१ आणि डी२ एकत्र करून तो तुमच्यापाशी पोचत नाही, तो डी१ कडेच परत जातो. काकांनी नकळत तुमचा वकील व्हायचं काम केलंय.

आदेशाबद्दल: 'उघडच सुचलं असतं' एवढं एकच वाक्य असेल तर तिथे पकड आहे. दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२२ मध्ये अ‍ॅग्रीबोर्डच्या अपिलात म्हटलंय की तीन गोष्टींची चर्चा हवी: आधीच्या दस्तऐवजात काय आहे, अर्जात काय आहे, आणि पहिल्यावरून दुसरं जाणत्या माणसाला कसं उघड ठरतं. तिसरी गोष्टच बहुतेक वेळा गायब असते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एव्हरी डेनिसनच्या खाच असलेल्या फासनरच्या अपिलात जुना दस्तऐवज आणि नवा शोध यांच्यामधला काळ हीसुद्धा एक कसोटी मानली गेली. दोन्ही निकाल दिल्लीचे, मुंबईवर बंधनकारक नाहीत, पण वाचले जातात. एक लक्षात ठेवा: नुसत्या अपुऱ्या कारणांवर जिंकलात तर बऱ्याचदा प्रकरण नव्यानं ऐकायला परत खाली जातं. हातात पेटंट येत नाही, दुसरं हिअरिंग येतं.

आता मला झोप लागू देणार नाही तो प्रश्न. ही शून्यवेगाची गोष्ट तुम्ही आत्ता या धाग्यावर सांगितलीत, पहिल्या पोस्टमध्येही नव्हती. स्पेसिफिकेशनमध्ये आहे का? क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला त्या यादीत, आहे का? हिअरिंगमध्ये बोललात का?

विचारतेय कारण अमेरिकेतला १९६६ चा ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर. यंत्र नांगर, जमीन दगडांची. दगड लागला की फाळाची दांडी स्प्रिंगवर उचलली जावी आणि पुढे गेल्यावर परत बसावी, अशी रचना. ग्रॅहमच्याच आधीच्या पेटंटमध्ये दांडी बिजागरीच्या पट्टीच्या वर होती, त्यामुळे वरची पट्टी झिजायची. नव्यात त्यानं दांडी खाली घेतली. वरच्या कोर्टांत गेल्यावर सांगितलं गेलं की खाली घेतल्यामुळे दांडी मोकळी लवते, धक्का पिऊन टाकते, खरा शोध तोच. सुप्रीम कोर्टानं विचारलं, इतकं महत्त्वाचं होतं तर आधी कुठेच का नाही बोललात? मागून सुचलेला मुद्दा म्हणून तो बाजूला ठेवला आणि पेटंट गेलं.

तुमचा पांढरा ठिपका म्हणजे ती लवणारी दांडी आहे. कागदावर असेल तर केस आहे. नसेल तर ती फक्त चांगली गोष्ट आहे.

श्वाबियातला_मराठी

श्टुटगार्टजवळून. पेटंटवाला नाही, इथे एका टूल कंपनीत गिअरच्या आवाजावर काम करतो. (याच गावात फाइननं १८९५ मध्ये विजेचा हातड्रिल केला, त्यामुळे इथले लोक ड्रिलबद्दल बोलताना जरा ताठ बसतात.)

युरोपियन पेटंट ऑफिसात यासाठी एक घासून गुळगुळीत झालेली पद्धत आहे. सर्वांत जवळचा दस्तऐवज घ्या, फरक काढा, त्या फरकानं कोणती अडचण सुटते ते लिहा, आणि मग विचारा: जाणत्या माणसानं हे केलंच असतं का? 'करू शकला असता' हे पुरत नाही. मराठीत 'करू शकला असता' आणि 'केलंच असतं' यात जेवढं अंतर आहे, त्यावर आमच्या शेजारच्या खोलीतले चार वकील पोट भरतात.

पण उलट बाजूही ऐका. अमेरिकेत २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्समध्ये गाडीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावण्याचं पेटंट गेलं. सरकवता येणारं पेडल जुनं, सेन्सर जुना, सेन्सर पेडलच्या न हलणाऱ्या खिळीवर बसवणं एवढंच नवीन. कोर्ट म्हणालं, सामान्य कारागीरही डोकं चालवतो, तो यंत्रमानव नव्हे, कोड्याचे तुकडे जुळवतो. तुमचा तिरका दात आणि अंडरकट हे मला दुरून तसलेच दोन तुकडे दिसतात. ८ अंश आणि उतरवलेली कड हे तुकडे मात्र डी१ मध्येही नाहीत, डी२ मध्येही नाहीत.

पंचवीस वर्षांच्या अंतरावर फार भिस्त ठेवू नका. डी१ च्या काळात निकेल कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या. स्वस्त ड्रिलमध्ये आपोआप गती बदलायची गरजच कुणाला होती? समोरचा वकील हेच म्हणेल.

पाना_१०_११

ताई, आमी वकील झालो हे घरी सांगतो.

पण ते उतरवलेली कड म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलचा कुत्रा झाला की. एका बाजूला घसरतो, उलट फिरला की धरतो. उद्या डी३ म्हणून सायकल आणतील.

क्लेम_क्रमांक_१

आणू देत. फ्रीव्हीलमध्ये कुत्र्याला स्प्रिंग आत ढकलते आणि दात उघडे असतात. इथे स्प्रिंग रिंगला बाहेर काढायला बघतेय आणि तोंड अरुंद आहे. पण काका, तुम्ही समोरच्या बाजूला जाऊ नका म्हणजे झालं.

खटका_चाकण

काल रात्री कपाटातून पूर्ण स्पेसिफिकेशन काढलं. एजंटनं पाठवलेली प्रत, २३ पानं, मी त्या वेळी 'ठीक आहे' एवढंच कळवलं होतं. आता प्रामाणिकपणे सांगतो.

क्लेम १: तिरके दात, स्प्रिंग, अंडरकट लग. बस. म्हणजे काका ज्याला नवल नाही म्हणाले तेवढंच आम्ही सगळ्यांत वर मांडलं.

क्लेम ४: 'खाच लगपेक्षा ८ ते १० अंशांनी रुंद.' आहे! पण का, ते लिहिलेलं नाही.

क्लेम ६: 'लगच्या टोकाची एक कड उतरवलेली.' हेही आहे. वर्णनात कारण दिलंय 'सहज जोडणीसाठी'. हे दोन शब्द मीच लिहिले होते, मला आठवतंय. शनिवार होता, एजंटचा फोन होता, आणि मला लग्नाला जायचं होतं.

हिअरिंगमध्ये आम्ही 'भाग कमी, खर्च कमी' यावरच बोललो. ठिपक्याबद्दल अवाक्षर नाही. ते आम्हाला सिद्धांत वाटलंच नव्हतं, डीबगिंग वाटलं होतं.

मग शेवटी आकृत्या चाळल्या. आकृती ६ आलेख आहे. आडवा अक्ष वेळ, उभा अक्ष रिंगचा वेग. रेघ वरून खाली येते, शून्याला छेदते, थोडी खाली जाते आणि मग एकदम सपाट शून्यावर. त्या फिटरनं फ्रेम मोजून काढलेले आकडे मी तेव्हा जोडून दिले होते, सवयीनं. खाली मथळा: 'यंत्रणेच्या कार्याचा आलेख.' वर्णनात त्यावर एक वाक्य आहे: 'आकृती ६ वरून दिसते की जोडणीपूर्वी रिंगच्या फिरण्याची दिशा बदलते.'

ताई, एवढ्यावर चालेल?

क्लेम_क्रमांक_१

ते वाक्य कोणत्या परिच्छेदात आहे त्याचा नंबर लिहून ठेवा आणि त्या पानाला खूण करा. 'जोडणीपूर्वी दिशा बदलते' म्हणजे शून्यातून गेलीच. ग्रॅहमकडे एवढंही नव्हतं.

क्लेम १, ४ आणि ६ एकत्र करून एकच अरुंद क्लेम करता येईल का ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. कलम ५९ मध्ये क्लेम आकसता येतो, फुगवता येत नाही, आणि जे मूळ कागदात नाही ते घुसवता येत नाही. तुमच्या बाबतीत तिन्ही तुकडे मूळ कागदात आहेत. रुंद क्लेम १ ला चिकटून बसू नका. तो गेला असं समजा. मालकांना हे आधीच सांगा: मिळालं तरी लहान पेटंट मिळेल. कुणी कड न उतरवता दुसऱ्या युक्तीनं केलं तर तुम्ही त्याला अडवू शकणार नाही. कंप्रेसर की हे, याचा हिशेब त्या लहान पेटंटवर करा.

स्लो मोशनचा व्हिडिओ जपा, पण अपिलात नवा पुरावा घालायला कोर्टाची परवानगी लागते, तो आपोआप आत जात नाही. प्रकरण परत खाली आलं तर मात्र तोच पहिला दाखवा. मूळ फाइल आहे ना, तारखेसकट?

खटका_चाकण

फिटरच्या जुन्या मोबाइलमध्ये होती. स्क्रीन फुटलाय. आज दुपारी तो फोन घेऊन चाकण चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे दिलाय, संध्याकाळी कळेल.

मालकांना आकृती ६ दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली, रेघेवरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "हे इतकं इथे होतं तर आधी का नाही सांगितलंस?" वकिलाची वेळ गुरुवारी घेतलीय.

पाना_१०_११

फोन चालू झाला की इथं टाका. आणि ते शपथपत्र-बिपत्र काय लागलं तर मी लिहून देतो, की तेहतीस वर्षं हात काळे केले तरी हे मला सुचलं नसतं. आमच्या पोरानं वाचलं तर हसंल, हसू दे.